दूरच्या यंत्रावरील अंमल : बीड जिल्ह्यातील मोडेमच्या काळाची हकीकत

बालाघाटाच्या रांगेने वरचा आणि खालचा अशा दोन भागांत विभागलेल्या बीड जिल्ह्याचा इतिहास सांगू जाणारे लोक सामान्यतः कंकालेश्वराचे मंदिर, खजाना बावडी, अंबाजोगाईचे मुकुंदराज व दासोपंत आणि निजामी राजवटीविरुद्धचा मुक्तिसंग्राम यांच्यापाशी विसावतात, आणि ते यथायोग्यच आहे. परंतु ज्या प्रदेशाचे राज्य पिढ्यानुपिढ्या दूरच्या राजधानीतून चालले, त्या प्रदेशात दूर बसून कारभार हाकण्याच्या साधनांचाही एक इतिहास घडत असतो. टेलिफोनच्या तारेला मोडेम जोडून परगावच्या संगणकाचा ताबा घेणे, हे त्या इतिहासातील एक अल्पायुषी प्रकरण होय. ते फार तर दहा-बारा वर्षे चालले. त्याला ना शिलालेख लाभला, ना बखर. तरीही कोणत्या कामासाठी कोणता प्रोग्राम घ्यावा, या वरवर क्षुल्लक भासणाऱ्या निवडीत त्या काळच्या तारा, वीज, भाषा आणि माणसे यांची सारी हकीकत साठलेली आहे.

पूर्वपीठिका थोडक्यात सांगितली पाहिजे. पहिल्या सालारजंगांनी १८६५ साली हैदराबाद संस्थानात जिल्हाबंदी केली, तेव्हापासून अव्वल तालुकदार, तहसीलदार आणि त्यांच्या हाताखाली गावचे पाटील-पटवारी अशी उतरंड बसली; हुकूम आधी फारसीत आणि पुढे उर्दूत निघे, आणि तो मराठी बोलणाऱ्या रयतेच्या कानी पडेपर्यंत त्याचा अर्थ लावण्याचा खरा अधिकार गावच्या दफ्तरदारापाशीच उरत असे. १९०० साली मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड असा मार्ग काढीत हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे धावू लागली, परंतु तिने बीड शहराला वळसा घातला. परळी वैजनाथचा अपवाद सोडला, तर जिल्ह्याचा मोठा भाग रुळांपासून दूरच राहिला, आणि खुद्द बीड शहरात आगगाडी आली ती २०२५ च्या १७ सप्टेंबरला, म्हणजे संस्थान विलीन झाल्यानंतर बरोबर सत्त्याहत्तर वर्षांनी. पूर्वी तारायंत्राच्या तारा पुष्कळदा रुळांच्या कडेकडेनेच जात असल्याने, ज्याच्या दारी रेल्वे नाही त्याच्या दारी तारही उशिराच, असा एकंदर न्याय होता.

टेलिफोनाचेही तेच झाले. ट्रंक कॉल नोंदवून तासन्‌तास ताटकळणे, 'अर्जंट' आणि 'लाइटनिंग' अशा चढत्या दराच्या पायऱ्या, आणि पलीकडचे माणूस जागेवर नसेल तर फुकट जाऊ नये म्हणून केलेला 'पी. पी.' कॉल, या गोष्टी आज साठीच्या पुढे असलेल्या कोणाही मराठवाडी गृहस्थाला सांगाव्या लागणार नाहीत. हा बंदोबस्त पालटला तो १९८४ च्या ऑगस्टमध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेमुळे. सॅम पित्रोदा यांच्या प्रेरणेने तिने १२८ जोडण्यांचे एक ग्रामीण स्वयंचलित एक्स्चेंज तयार केले, ज्याचे पहिले यंत्र १९८६ च्या जुलैत कर्नाटकातील कित्तूर येथे बसले. वातानुकूलनाची मागणी न करता धूळ आणि उन्हाळा सोसणारे हे यंत्र मराठवाड्यासारख्या मुलखासाठीच घडविले असावे, असे म्हणण्याचा मोह होतो. पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथांनी पुढे तालुक्याच्या बाजारपेठा गजबजल्या, आणि परगावचा क्रमांक कोणाच्याही मध्यस्थीवाचून फिरविता येऊ लागला. आता या सोयीवाचून मोडेमचे काहीच चालत नाही. कारण यंत्राने यंत्राला हाक मारावयाची, तर मध्ये 'नंबर प्लीज' म्हणणारा मनुष्य असून भागत नाही.

सरकारने मात्र आपल्या कामापुरता या तारेचा नाद सोडून दिला होता. १९७६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात 'निकनेट' नावाचे जे जाळे देशभर विणले, त्यात प्रत्येक जिल्ह्याच्या कलेक्टर कचेरीत एक संगणक आणि छपरावर उपग्रहाकडे तोंड केलेली एक तबकडी अशी योजना होती. दिल्ली, पुणे, हैदराबाद आणि भुवनेश्वर ही त्याची चार मोठी ठाणी. एके काळी ज्या जिल्ह्याचे वसुलीचे आकडे मजल दरमजल करीत हैदराबादेस पोहोचत, त्याचे आकडे आता आकाशमार्गे जाऊ लागले. डॉ. एन. शेषगिरी यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या या योजनेची दूरदृष्टी वाखाणण्याजोगी आहे, परंतु तिच्यात एक मूक कबुलीही दडलेली आहे. जिल्ह्यापर्यंतच्या भूमार्गी तारांवर विसंबून राज्यकारभाराचा हिशेब ठेवता येणार नाही, हे शासनाला पुरते उमगलेले होते. तबकडी परवडणे ज्यांच्या आवाक्याबाहेरचे होते, त्या अडत्यांना, जिनिंगवाल्यांना, पतसंस्थांना आणि त्यांचे हिशेबाचे प्रोग्राम लिहून देणाऱ्या पुण्या-औरंगाबादच्या मंडळींना मात्र त्याच तारेशी संसार करावा लागला.

या मंडळींची अडचण साधी होती. फॉक्सप्रो किंवा डीबेसमध्ये लिहिलेला हिशेबाचा प्रोग्राम गेवराईत वा माजलगावात बसवून द्यावा, आणि आठवड्याने निरोप यावा की ताळेबंद जुळत नाही, खतावणीची अनुक्रमणिका बिघडली आहे, यंत्र अमुक चूक दाखवून थांबते. ती चूक दोन कळा दाबून निस्तरणारी असली, तरी त्या दोन कळा दाबण्यासाठी एसटीचा दिवसभराचा प्रवास घडे. अशा वेळी आपल्याच टेबलाशी बसून पलीकडच्या यंत्राच्या कळा दाबता आल्या तर काय बहार होईल, हा विचार जगभरच्या प्रोग्रामरांना सुचला, तसा इथेही सुचला.

अमेरिकेत त्याची सिद्धता आधीच झालेली होती. हेज कंपनीचा स्मार्टमोडेम १९८१ साली आला, आणि 'एटी' या दोन अक्षरांनी सुरू होणारी तिची आज्ञावली पुढे सर्व मोडेमांची जणू राजभाषा झाली. दूरच्या संगणकाशी व्यवहार करणाऱ्या प्रोग्रामांची दोन कुळे होती, आणि निवडीचा पहिला प्रश्न कुळाचाच असे. पहिल्या कुळात कोलंबिया विद्यापीठात १९८१ साली जन्मलेला कर्मिट, तसेच प्रोकॉम आणि टेलिक्स हे प्रोग्राम येत. त्यांचे काम मुख्यतः फायलींची ने-आण करणे आणि एखाद्या मोठ्या यंत्रापुढे साध्या पडद्याचे सोंग घेणे. दुसऱ्या कुळात कार्बन कॉपी, क्लोज-अप आणि १९८६ साली न्यूयॉर्कच्या डायनॅमिक मायक्रोप्रोसेसर असोसिएट्सने काढलेला, १९९१ साली सिमँटेककडे गेलेला पीसीएनीव्हेअर. हे प्रोग्राम पलीकडच्या यंत्राचा पडदा जसाच्या तसा आपल्या पडद्यावर उमटवीत आणि आपल्या कळा तिकडे पोहोचवीत. म्हणजे यंत्र माजलगावचे, अंमल औरंगाबादचा.

कोणते कुळ पत्करावे, याचा निवाडा हिशेबाने होई, आणि तो हिशेब येथे मांडून दाखविण्यासारखा आहे. २४०० बिटांच्या मोडेमवरून सेकंदाला सुमारे २४० अक्षरे जात. दहा लाख अक्षरांची एखादी खतावणी संपूर्ण मागवून, दुरुस्त करून परत धाडावयाची म्हटले, तर एका खेपेलाच एक तास दहा मिनिटांच्या आसपास वेळ लागणार, आणि तेवढ्या अवधीत तार एकदाही कुरकुरणार नाही अशी हमी ब्रह्मदेवालाही देता आली नसती. उलट डॉसचा पडदा ८० अक्षरांच्या २५ ओळींचा, म्हणजे अवघ्या २,००० अक्षरांचा. तो नखशिखांत पाठवावयास आठ-नऊ सेकंद, आणि रंगांची माहिती धरली तर सोळा-सतरा. हे प्रोग्राम हुशारीने केवळ बदललेला भाग पाठवीत असल्याने प्रत्यक्षात त्याहूनही कमी वेळ लागे. म्हणून चूक शोधावयाची असेल तर दुसऱ्या कुळाला पर्याय नव्हता, आणि शोधलेली चूक दुरुस्त करणारी नवी फाइल धाडावयाची असेल तर पहिल्याची गरज होती. चांगला प्रोग्राम तोच, ज्यात दोन्ही गुण एकत्र नांदत. ताबा घेण्याच्या प्रोग्रामातच फायली पाठविण्याची सोय आहे की नाही आणि मध्येच तार तुटली तर जेथे थांबले तेथून पुढे चालू होते की पुन्हा श्रीगणेशा करावा लागतो, हे जाणकार ग्राहक सर्वप्रथम विचारी. चक फोर्सबर्ग यांनी १९८६ साली रचलेल्या झेडमोडेम पद्धतीला जो मान मिळाला, तो बराचसा या गुणासाठी.

मग विंडोज आले, आणि हे सारे गणित कोलमडले. ६४० गुणिले ४८० ठिपक्यांचा सोळा रंगी पडदा म्हणजे १,५३,६०० बाइट. २४०० च्या मोडेमवरून त्याचे एक चित्र यावयास दहा मिनिटांहून अधिक, आणि १४,४०० च्या मोडेमवरूनही पावणेदोन मिनिटे. यावर तोड म्हणून चित्राऐवजी चित्र काढण्याच्या आज्ञाच पाठविण्याची युक्ती निघाली. येथे चौकट काढ, तेथे अक्षरे लिही, असे पलीकडून कळवावयाचे आणि अलीकडच्या यंत्राने ते रेखाटावयाचे. युक्ती उत्तम होती, तरी तालुक्याच्या गावी हिशेबाचे पुष्कळसे काम नव्वदीच्या दशकाच्या अखेरीपर्यंत डॉसवरच चालू राहिले, आणि त्याला मागासलेपण म्हणून हिणविणाऱ्यांनी हा आठ सेकंद आणि दहा मिनिटांचा फरक ध्यानी घेतलेला नसतो.

मराठीची अडचण निराळीच. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ चा, आणि त्यानुसार दफ्तर मराठीत ठेवण्याची सक्ती. परंतु डॉसच्या मूळ पडद्याला देवनागरी ठाऊक नव्हती. पुण्याच्या सी-डॅकने ती सोय 'जिस्ट' नावाच्या एका कार्डाने केली, जे संगणकाच्या पोटात बसवावे लागे. अक्षरांचे संकेत 'इस्की'चे, १९९१ साली भारतीय मानक ठरलेले, आणि ते इंग्रजीनंतर मोकळ्या राहिलेल्या वरच्या अर्ध्या जागेत बसविलेले. आता ताबा घेणारा प्रोग्राम संकेत तेवढे पाठवितो, अक्षराचे रूप पाठवीत नाही. तेव्हा पलीकडे जिस्ट कार्ड असेल आणि अलीकडे नसेल, तर खातेदारांच्या नावांच्या जागी चौकटींचे तुकडे आणि ग्रीक अक्षरे यांचा पसारा दिसणार, हे ओघानेच आले. मराठी दफ्तराचा दुरून सांभाळ करावयाचा, तर दोन्ही टोकांना सारखेच कार्ड हवे.

यानंतरच्या बाबी प्रोग्रामच्या पेटीवर छापलेल्या नसत, आणि माझ्या मते खरी निवड त्यांच्यावरच ठरे. परदेशी घडणीच्या मोडेमला आपल्याकडचा डायल टोन पुष्कळदा ओळखूच येत नसे, आणि मग 'एटीएक्स३' अशी आज्ञा देऊन त्याला डोळे मिटून नंबर फिरवावयास सांगावे लागे. जुन्या एक्स्चेंजला स्वरांची भाषा समजत नसल्याने 'टी' ऐवजी 'पी' लिहून टिकटिकीने आकडे मोजावे लागत. खांबांवरून उघड्यावर गेलेल्या तारांतून दुसऱ्याचे संभाषण ऐकू येणे, पावसाळ्यात खरखर वाढणे, आणि तांब्याच्या लोभाने अख्खी तारच चोरीस जाणे, हे प्रकार कोणाला नवे नव्हते. अशा तारेवर चूक स्वतःच हेरून तुकडा पुन्हा मागविणारा मोडेम लागे. ती एमएनपी पद्धत मायक्रोकॉम कंपनीची, आणि कार्बन कॉपी हा प्रोग्रामही पुढे तिच्याच छत्राखाली आला. मोडेम विकत घेताना तो दूरसंचार खात्याने मंजूर केलेला असावा, असा दंडक होता. तो किती पाळला गेला, या विषयात शिरण्याचे येथे कारण नाही.

विजेची बाब तर त्याहून बिकट. परळीला १९७१ पासून औष्णिक वीजकेंद्र धुराचे लोट सोडीत उभे असले, तरी भारनियमनाने जिल्ह्याला कधी सवलत दिली नाही. यंत्र दुरून चालवावयाचे तर ते चालू असले पाहिजे, आणि वीज परतल्यावर पुन्हा आपोआप तयारीत बसले पाहिजे. त्या काळच्या संगणकांचे बटण खटक्याचे असल्याने वीज येताच ते स्वतःहून जागे होत, हा एक अनपेक्षित लाभ होता. 'ऑटोएक्झेक' फायलीत ताबा देणाऱ्या प्रोग्रामची एक ओळ लिहून ठेवली, की यंत्र पुन्हा घंटेची वाट पाहत बसे. जो प्रोग्राम सुरू होताना एखादी कळ दाबण्याची अपेक्षा धरी, तो कितीही गुणसंपन्न असला तरी अशा ठिकाणी टाकाऊच. परंतु एवढी तजवीज करूनही कोणी फ्लॉपी खाचेत विसरला असेल, तर यंत्र त्या फ्लॉपीपाशी अडून बसे, आणि ती बाहेर काढण्याचे सामर्थ्य जगातल्या कोणत्याही दूरस्थ प्रोग्रामात नव्हते.

येथे दुकानातला दिवाणजी किंवा पतसंस्थेतला कारकून या प्रकरणात प्रवेश करतो, आणि मग तो सहसा बाहेर पडत नाही. टेलिफोनची जोडणी बहुधा एकच असे, आणि ती बोलण्यासाठी व मोडेमसाठी सामायिक. त्यामुळे मोडेमने पहिल्याच घंटेला उचलले तर गिऱ्हाइकाच्या कानात किंचाळी, आणि उशिरा उचलले तर त्याआधी मनुष्य उचलणार. 'एस०=५' असे लिहून पाचव्या घंटेपर्यंत मोडेमला थोपविण्याचा तोडगा होता, पण व्यवहारात आधी माणसाला फोन करून "भाऊ, आता परत घंटी वाजली की उचलू नका, मोडेमचा दिवा लागला का तेवढं बघा" असे सांगणेच सुरक्षित ठरे. रात्री ११ नंतर एसटीडीचा दर पावपट होत असल्याने हे काम रात्रीवर ढकलण्याचा कल असे, आणि मग दिवाणजीला जेवणानंतर पुन्हा दुकान उघडून बसावे लागे. सुरक्षिततेसाठी 'उलट फोन' करण्याची एक सोयही या प्रोग्रामांत होती. आलेला फोन तोडून यंत्र आपल्या वहीत नोंदलेल्या क्रमांकावर स्वतः फोन करी, म्हणजे तोतया आत शिरू शकत नसे. परंतु त्या पद्धतीत बिलाचा बोजा दुकानदारावर पडे, आणि चोराच्या भयापेक्षा बिलाचे भय निकटचे असल्याने ही सोय बहुधा बंदच ठेवणे सोयीचे होते. हैदराबादी अमलात हुकूम उर्दूतून येवो आणि रुजू मात्र पटवाऱ्याच्या हाताने होवो, अशी जी वहिवाट होती, दिवाणजीवाचून न चालणारा हा दूरचा अंमल म्हणजे तिचेच नवे रूप म्हटल्यास फारसे वावगे होणार नाही.

या व्यवस्थेचा ऱ्हास इंटरनेटने केला. विदेश संचार निगमने १९९५ च्या १५ ऑगस्टला ती सेवा सुरू केली, तेव्हा पडद्यावर चित्रे दाखविणाऱ्या खात्याची वर्षाची फी व्यक्तीसाठी १५,००० रुपये होती, आणि केवळ अक्षरांच्या खात्याची विद्यार्थ्यांसाठी ५०० रुपये. ती रास्त होईपर्यंत आणि तालुक्याला पोहोचेपर्यंत आणखी काही वर्षे गेली. याच संक्रमणकाळात, १९९८ साली, कोल्हापूर जिल्ह्यातील वारणेच्या सहकारी साखर कारखान्याभोवतीच्या गावांत संगणक ठेवून ते वारणानगरशी जोडण्याचा एक बहुचर्चित सरकारी प्रयोग झाला. शेतीची माहिती, बाजारभाव, दाखले असे बरेच संकल्प त्यात होते. शेतकरी त्या यंत्रापाशी येई तो मुख्यतः आपल्या उसाचे वजन आणि पैसे यांची चौकशी करावयास. २००६ च्या सुमारास बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट संशोधन संस्थेने काही गावांत या संगणकांच्या जागी मोबाइलवरील लघुसंदेश ठेवून पाहिले, आणि ते काम स्वस्तात व चोख झाले. पश्चिम महाराष्ट्रातील ज्या उसाचे वजन असे मोजले-कळविले जाते, तो तोडण्यासाठी दसरा-दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातून कोयते घेऊन लाखो माणसे घरदार बंद करून निघतात. त्यांचा हिशेब मात्र मुकादमाच्या वहीत राहिला, आणि त्या वहीला कोणी तार जोडली नाही.

पुढे केंब्रिजच्या प्रयोगशाळेत घडलेला, फुकट मिळणारा व्हीएनसी आला. २००५ साली जर्मनीतून टीमव्ह्यूअर आणि २०१४ साली त्याच देशातून एनीडेस्क. पीसीएनीव्हेअरची अखेर केविलवाणी झाली. त्याचा मूळ मजकूर चोरीस गेल्याचे उघड झाल्यावर २०१२ च्या जानेवारीत खुद्द सिमँटेकनेच ग्राहकांना तो बंद ठेवण्याचा सल्ला दिला. आता बीडच्या सुभाष रोडवरचा करसल्लागार असो की पाटोद्याचा सेवा केंद्रचालक, हिशेबाचा प्रोग्राम अडला की पुण्याच्या मदतनीसाला पडद्यावरचा नऊ-दहा आकडी क्रमांक फोनवर वाचून दाखवितो आणि 'स्वीकारा' ही कळ दाबून खुर्ची मागे सरकवितो. मोडेमच्या काळात ज्याला दिवा लागला का ते बघावे लागे, त्याच्याकडे आता एवढेच काम उरले आहे. परंतु दार उघडण्याचा अधिकार अजून त्याच्याच हाती असल्यामुळे भामटे लोक यंत्र फोडण्याच्या खटपटीत न पडता थेट त्यालाच गाठतात. बँकेतून बोलतो आहे असे सांगून, एनीडेस्क घ्यावयास लावून, क्रमांक विचारून खाते रिकामे करण्याचे प्रकार इतके वाढले, की २०१९ च्या फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेला त्या प्रोग्रामचे नाव घेऊन बँकांना सावधगिरीची सूचना द्यावी लागली. उलट फोनाची ती जुनी सोय, जी बिलाच्या भयाने बंद राहत असे, तिच्यात निदान पलीकडचा मनुष्य कोणत्या क्रमांकावर बसला आहे एवढे तरी कळत होते.